झाकणताईचा मुनीम

माझ्या काचेच्या भांड्याचं झाकण शेजारणीच्या हातून फुटलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमची दारं समोरासमोर. मधे जिन्याचा चौक, तेवढंच काय ते अंतर. तिच्याकडे पाहुणे यायचे होते म्हणून ती भांडं मागून घेऊन गेली. परत करताना एका हातात भांडं, दुसऱ्या हातात झाकण, आणि खांद्याने माझं दार लोटायला गेली. झाकण निसटलं आणि पायऱ्यांवर त्याचा चुरा झाला. मी म्हटलं, "जाऊ दे गं, झाकणाचं काय एवढं!" पण तिच्या मनाला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती एका झाकणासाठी बाजारभर हिंडायला लागली. दुकानदार सांगायचे, "सुटं झाकण येत नाही बाई, अख्खं भांडं घ्या." शेवटी भंगारवाल्याच्या ढिगात तिला एक सापडलं. माझ्या ओट्यावर उभं राहून तिने ते भांड्यावर ठेवलं, टक् असा आवाज झाला, आणि ती अशी हसली, जणू एखाद्या घोडनवऱ्याचं लग्न जमवून दिलं.

त्या ढिगात आणखीही झाकणं होती, भांडं हरवलेली. ती तीही उचलून घेऊन आली.

तेव्हा ती घरीच असायची. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिने अर्धं आयुष्य स्वयंपाक केला होता. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, त्याच कारखान्यात प्रेस मशीनवर. मशीनच्या धडधडीने त्यांचे दोन्ही कान गेले. पुढे कारखाना दुसरीकडे हलला. भाऊजींचं वय झालेलं आणि कॅन्टीनवाल्यांना तर कोणी विचारलंच नाही. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि दिवसभर एकमेकांशी ओरडून बोलणारी दोन माणसं.

जगात काय फक्त माझंच झाकण फुटलंय का, असा तिने विचार केला. मोबाइलवर जुन्या वस्तू विकायची दुकानं असतात, तिथे तिने पहिली चार-पाच झाकणं फोटो काढून टाकली. लोकांनी ती अक्षरशः उचलली. कोणाच्या मिक्सरच्या भांड्याचं, कोणाच्या किटलीचं, कोणाच्या थर्मासचं बूच, कोणाची बरणी. लांबलांबच्या गावांतून निरोप यायचे. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची: "आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा, आणि कडेचा फोटो पाठवा. घाई करू नका, चुकीचं बसलं तर दोघांनाही वाईट वाटेल."

बघता बघता घर झाकणांनी भरलं. भिंतीला तारेच्या जाळ्या ठोकल्या, त्यात उभी झाकणं. पलंगाखाली खोके, गॅलरीत खोके. भाऊजी पार्सलं बांधायचे. कागदाचे बोळे करून त्यात ते झाकण असं निजवायचे की बघत राहावं. म्हणायचे, "लोकांच्या घरात भांड्याला भांडं लागतं, आमच्या घरात झाकणाला झाकण." कुरियरवाल्याने तिला झाकणताई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. ती रागावली नाही. कॅन्टीनमध्ये एवढी वर्षं काढली तरी तिला नाव म्हणून कोणी दिलं नव्हतं.

धंद्यात एकच खोच होती. तिच्याकडे कुठल्याही वस्तूचा दुसरा नग नसायचा. प्रत्येक झाकण एकुलतं एक. आणि ती विकायची तीन दुकानांवर, कारण एकावर गिऱ्हाईक नसलं तर दुसऱ्यावर मिळतं. एका दुकानावर झाकण विकलं गेलं की उरलेल्या दोन दुकानांवरून ते हाताने काढावं लागे. विसरलं तर तेच झाकण दोघांना विकलं जाई. असं एक-दोनदा झालं होतं. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाची एवढी माफी मागितली की त्यालाच अवघडल्यासारखं झालं. पण त्यापायी तिचा जीव सारखा टांगणीला असायचा. भाजी निवडता निवडता एकदम उठायची, "अगं बाई, ती हिरवी बरणी काढली का मी?"

हे तिच्या नणंदेने पाहिलं.

नणंद म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. एका मोठ्या ऑफिसात हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आवाज खणखणीत. रविवारी दुपारी यायची ती संध्याकाळी जायची. आम्ही सगळे तिला हेडक्लार्कच म्हणायचो. नणंद-भावजयींच्या गोष्टी आपण ऐकतो त्यातलं इथे काही नव्हतं. नणंदेचा भावजयीवर भारी जीव. फक्त तो जीव हुकूम सोडल्यासारखा बाहेर पडायचा.

"हे काय चालवलंयस तू?" ती एका रविवारी म्हणाली. "कुठल्या काळात आहेस? यासाठी सॉफ्टवेअर असतं."

"वन्सं, मला नाही जमायचं ते."

"तुला जमवायचंय कशाला? मी आहे ना. आमच्या ऑफिसात मी सगळ्या मजल्याला कॉम्प्युटर शिकवलाय."

आणि तिने ते केलं, हे खरंच. दोन रविवार बसून तिने ते सॉफ्टवेअर घेतलं, तिन्ही दुकानं त्याला जोडली, सगळी झाकणं, आधी विकलेल्यांच्या नोंदींसकट, त्यात चढवली. खातं स्वतःच्या नावावर उघडलं, कारण झाकणताईला फॉर्म दिसला की घाम फुटायचा. आता फोटो एकदाच काढायचा, माप एकदाच लिहायचं, की झाकण तिन्ही दुकानांवर आपोआप लागे. एकीकडे विकलं की बाकीच्या दोन ठिकाणांहून आपोआप उतरे. बरेच दिवस कोणी विचारलं नाही तर ते सॉफ्टवेअर त्या झाकणाची जाहिरात पुसून पुन्हा नव्याने वर लावी.

भाऊजींनी त्याचं नाव मुनीम ठेवलं. "जेवायला मागत नाही, रजा मागत नाही, वर तोंड करून बोलत नाही," ते म्हणाले. "असा मुनीम राजालासुद्धा मिळाला नसेल."

ते दिवस चांगले होते. झाकणताई दुपारी माझ्याकडे येऊन बसायला लागली. आधी कधी बसली नव्हती. चहा पिता पिता सांगायची, आज कोणाला काय मिळालं. एका वसतिगृहाच्या बाईंना पांढरं झाकण मिळालं, कडेला निळी वेल असलेलं. त्या बाईंनी भांड्यावर बसवून फोटो पाठवला, तो तिने मला तीनदा दाखवला. तिच्या चेहऱ्यावरची ती सतत काहीतरी राहिल्याची काळजी गेली होती. मी एकदा म्हटलंही, "तू जरा भरलीस गं." तर म्हणाली, "मुनीम आल्यापासून जेवण अंगी लागतंय."

मग एका सकाळी तिच्या घरातून एकसारखा टिंग टिंग आवाज यायला लागला. ऑर्डर आली की मोबाइल वाजतो, तो. दिवसाला दोन-चारदा वाजणारा मोबाइल थांबायचं नाव घेईना. मी दार उघडलं तर ती चौकातच उभी. पदराने हात पुसत होती, डोळे चमकत होते.

"अगं, एवढ्या ऑर्डरी! काय झालंय कोण जाणे. आमची कुठे बातमी-बितमी आली का?"

आतून भाऊजी ओरडले, "काय झालं?"

"ऑर्डरी आल्या! भरपूर!"

"कोण आलं भरपूर?"

आम्ही दोघी हसलो. तिने कमरेला पदर खोचला आणि पहिल्या ऑर्डरीचं झाकण काढायला जाळीकडे गेली. मीही मागोमाग गेले, म्हटलं थोडी मदत करू. तिने जाळी पाहिली, मग खोका पाहिला, मग परत मोबाइल पाहिला. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण डोळ्यांतून ते गेलं होतं.

"हे तर मी कधीच पाठवलंय," ती म्हणाली.

दुसरी ऑर्डर पाहिली. तेही गेलेलं. तिसरी, किटलीचं लाल झाकण, ते तर पहिल्याच वर्षात विकलं होतं. ती खाली खोक्यावर बसली. तिने विकलेलं एकूण एक झाकण तिन्ही दुकानांवर पुन्हा विकायला लागलं होतं, तिनेच काढलेल्या फोटोसकट, तिनेच लिहिलेल्या मापासकट. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने त्या सकाळी मुनिमाला नवं रूप दिलं होतं, आणि नव्या रूपात आलेला मुनीम विकलेलं आणि न विकलेलं यातला फरक विसरला होता. हे अर्थात आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. त्या वेळी आमच्या समोर फक्त वाजणारा मोबाइल होता.

तिने मोबाइलवरच्या दुकानात जाऊन एक एक झाकण काढायला सुरुवात केली. काढलं की जरा वेळ बरं वाटे. मग मुनीम ते परत लावी. त्याला तेच तर काम दिलं होतं: जे उतरेल ते पुन्हा वर चढवायचं. हरळी उपटावी तशी ती उपटत होती आणि मागून झाकणं उगवत होती. दुकान काही दिवस बंद ठेवायचं बटण असतं, ते मी शोधून काढलं. दाबलं तर लिहून आलं, हातातल्या सगळ्या ऑर्डरी पूर्ण केल्याशिवाय सुट्टी मिळणार नाही. त्या पूर्ण करायच्या कशा, झाकणंच नव्हती. रद्द कराव्या तर प्रत्येक रद्द ऑर्डरीमागे दुकान तिच्या नावावर वाईट शेरा मारत होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

"वन्संना बोलाव," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

हेडक्लार्क रिक्षा करून आली. चप्पल न काढता टेबलाशी बसली. "घाबरायचं नाही. मुनिमाच्या खात्यात शिरायचं आणि जोडणी तोडायची. एका मिनिटाचं काम." तिने पासवर्ड टाकला. नवीन रूप आल्यामुळे त्याने सगळ्यांनाच बाहेर काढलं होतं आणि ओळख पटवायला सांगत होता. नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते इथे लिहा.

हेडक्लार्कने आपला मोबाइल पाहिला. काही आलं नव्हतं. पुन्हा पाठवायला सांगितलं. तरी नाही. मग तिने चष्मा वर केला, पडद्यावरच्या नंबराचे शेवटचे आकडे वाचले आणि मोबाइल खाली ठेवला. 

"हा माझा ऑफिसचा नंबर आहे," ती म्हणाली. "खातं उघडलं तेव्हा तोच होता. निवृत्तीनंतरही तो बरेच दिवस माझ्याकडेच होता, मग ऑफिसने परत मागितला."

"मग आता कोणाकडे असेल तो?"

"काय माहीत."

भाऊजी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना कोणी काही ओरडून सांगितलं नाही, तेव्हा ते उठले आणि आमच्यासाठी पाणी घेऊन आले.

शेवटी हेडक्लार्कने स्वतःचाच जुना नंबर फिरवला. फोन एका माणसाने उचलला. मागे लहान मूल रडत होतं.

"नमस्कार. मी या नंबरची आधीची मालकीण बोलतेय," हेडक्लार्क म्हणाली.

"बरं मग?"

"तुम्हाला आत्ता एक मेसेज आला असेल. सहा आकडी."

"आलाय ना. तीनदा आलाय."

हेडक्लार्कने आमच्याकडे पाहून अंगठा वर केला. "ते आकडे जरा मला सांगता का?"

त्या माणसाने बहुतेक मेसेज उघडून पाहिला. मग म्हणाला, "त्या मेसेजमध्येच लिहिलंय, हे आकडे कोणालाही सांगू नका."

"अहो, ते माझेच आहेत!"

"सगळे हेच म्हणतात बाई. माझ्या मेव्हण्याचे पैसे असेच गेले. तोही बाईचाच आवाज होता. चांगली शिकलेली वाटत होती म्हणे."

हेडक्लार्कचा चेहरा लाल झाला. झाकणताईने फोन हातात घेतला. "दादा, माझं ऐका जरा. मी झाकणं विकते. भांड्यांची झाकणं. ती विकली गेलीत तरी परत विकली जातायत, आणि मला ती थांबवायचीत. तुमचं काही जाणार नाही हो यात."

"झाकणं?" तो हसला. वाईट नव्हता हसला, खरंच गंमत वाटून हसला. "बाई, निदान पटेल अशी थाप तरी मारा." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने मी माझ्या मोबाइलवरून फोन केला. म्हटलं, वेगळा आवाज, वेगळा नंबर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमची टोळी किती जणांची आहे? आता फोन आला तर पोलिसांत जाईन."  तो चूक नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही सांगितले नसते. झाकणताईचं मरण त्याच्या मुठीत होतं आणि तो बिचारा मूठ आवळून आपलं घर राखत होता.

मग कंपनीला लिहिणं सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडते, त्यात प्रश्न लिहायचा. हेडक्लार्कने मुद्देसूद लिहिलं. लगेच उत्तर आलं: "तुमची अडचण आम्हाला समजली. खालचा लेख उपयोगी पडला का?" लेख होता, विक्री कशी वाढवावी. तिने 'नाही' दाबलं. दुसरा लेख आला. अशा पाच-सहा लेखांनंतर कोणीतरी माणूस आला, निदान माणसासारखं नाव तरी होतं. त्याने सगळं वाचलं, फार वाईट वाटलं म्हणाला, आणि म्हणाला की मदत करण्याआधी खातं तुमचंच आहे याची खात्री करायची आहे, तर नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते सांगा.

हेडक्लार्कने हात टेकले. अक्षरशः. दोन्ही तळवे टेबलावर ठेवून ती नुसती बसली. तिकडे तो माणूस लिहीत होता, "तुम्ही आहात ना? तुम्ही आहात ना?"

दुकानांच्या बाजूनेही जोडणी तोडता येते, हे आम्हाला माझ्या भावाच्या ओळखीतल्या एका जाणत्याने सांगितलं. तोवर फार उशीर झाला होता.

मधल्या दिवसांत ती प्रत्येक गिऱ्हाइकाला लिहीत राहिली. सकाळी बसायची ती जेवायला उठायची, परत बसायची. माफ करा, चुकून दिसलं, पैसे परत मिळतील. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी शिव्या दिल्या. एकाने लिहिलं की तुमच्यासारख्यांमुळेच लोकांचा विश्वास उडतो. ती एक शब्द उलट लिहायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्यात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी ते निळ्या वेलीचं पांढरं झाकण घेतलं होतं. वसतिगृहाच्या बाईंकडे गेलेलं, तेच. ऑर्डरीबरोबर त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. भांडं त्यांच्या बायकोचं होतं. झाकण त्यांच्याच हातून फुटलं होतं, ती असताना. ती म्हणायची, मिळेल कधीतरी. आता ती नाही, पण झाकण मिळालं, तर आपले फार आभार.

त्या ओळी वाचून झाकणताईने मला हाक मारली. मी गेले तर तिने आणि भाऊजींनी घरातली सगळी पांढरी झाकणं जमिनीवर काढून मांडली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. दोघं गुडघ्यांवर बसून एक एक उचलून कड बघत होती.

"जवळचं तरी एखादं असेल," ती म्हणाली. "वेल नसेना का. माप तरी बसेल."

आम्ही तिघांनी शोधलं. एक होतं जवळपास, पण कडेला किंचित लहान. भांड्यात आत पडलं असतं. भाऊजींनी ते बराच वेळ हातात धरलं, मग मान हलवून खाली ठेवलं. तिने वसतिगृहाच्या बाईंनाही लिहून पाहिलं. बाई चांगल्या होत्या, पण झाकण त्यांच्या रोजच्या वापरात होतं. त्या का देतील? आणि ही तरी कुठल्या तोंडाने मागणार?

मग तिने म्हाताऱ्यांना खरं ते लिहिलं. सगळं, मुनिमापासून. लिहायला तिला अख्खी दुपार लागली. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं.

"मग दाखवलंत कशाला?"

तिने मोबाइल उलटा करून ठेवला. "खरंय त्यांचं," म्हणाली. त्या निरोपाला उत्तर गेलंच नाही.

पहिल्या दुकानाने तिचं खातं बंद केलं तेव्हा मला वाटलं, सुटली एकदाची. पण ते बंद करणं कायमचं होतं. दुसऱ्याने केलं, तिसऱ्यानेही केलं. कारण दिलं होतं: नसलेला माल वारंवार विकणे. मोबाइल एकदम गप्प झाला. आणि महिना संपला तशी मुनिमाकडून हेडक्लार्कला अभिनंदनाची ईमेल आली, की गेल्या महिन्यात तुमच्या दुकानात आजवरची सर्वांत जास्त विक्री झाली, असंच चालू ठेवा. ते वाचून भाऊजी मोठ्याने हसले. ते हसले म्हणून आम्हीही हसलो. मग झाकणताई हसता हसता मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

नवीन खातं उघडून पाहिलं. तेच नाव, तोच पत्ता म्हणून नाकारलं. भाऊजींच्या नावाने उघडलं, पत्ता एकच म्हणून नाकारलं. माझ्या नावाने उघडलं. ते आठवडाभर चाललं, मग फोटो ओळखून तेही बंद केलं आणि आता मलाही तिथून काही घेता येत नाही. हेडक्लार्कने आपल्या घरच्या पत्त्यावरून उघडायचं ठरवलं तेव्हा झाकणताईने तिचा हात धरला. "नको वन्सं. तुमचं नावही त्यात जायला नको."

त्यानंतर तिने आठवडी बाजारात एका कडेला चादर अंथरली. मीही जोडीला गेले होते. लोक थांबायचे, हसायचे, "अरे वा, नुसती झाकणं!" म्हणायचे. पोरं ती वाजवून बघायची. पण झाकण घ्यायचं तर भांडं बरोबर लागतं, आणि बाजारात कोण भांडं घेऊन येतं? "पुढच्या वेळी भांडं आणते हं," असं म्हणून बाया जायच्या. पुढच्या वेळी त्या भांड्याशिवायच यायच्या किंवा यायच्याच नाहीत. शिवाय ज्या झाकणाचं भांडं जगात कुठेतरी एकाच घरात उरलंय, ते घर आमच्याच गल्लीत कसं असणार? सगळं जग समोर होतं तेव्हा तिच्या झाकणांना गिऱ्हाईक होतं. एका बाजारात ती नुसती काच होती.

उन्हात बसून तिला चक्कर आली तेव्हा भाऊजींनी चादर गुंडाळली. ती त्यांच्यावर ओरडली नाही, थांबा म्हणाली नाही. उठून चालायला लागली.

आता ती एका दवाखान्याच्या धुलाईघरात जाते. चादरी, अभ्रे, पडदे. मशीनच्या एका बाजूने घालायचे आणि दुसऱ्या बाजूने घड्या घालून रचायचे. पहाटे जाते, दुपारी येते. पाय सुजतात. विचारलं तर म्हणते, "बरं आहे. कोणाला उत्तर द्यावं लागत नाही." बरं आहे की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नाही. माझ्याकडे चहाला येणं पुन्हा बंद झालंय.

हेडक्लार्क मात्र अजूनही दर रविवारी येते. पण आता हुकूम सोडत नाही. येते, चप्पल काढते, टेबलाशी बसते आणि म्हणते, "एक अर्ज करून बघू का गं? या वेळी जरा वेगळ्या शब्दांत लिहिलाय." तिन्ही दुकानांना फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला बंदी नाही. ती घरूनच कच्चा खर्डा करून आणते, ऑफिसात करायची तसा. वाचून दाखवते. त्यात सगळा दोष स्वतःवर घेतलेला असतो: नंबर माझा, खातं माझं, चूक माझी, भावजयीचा यात काही संबंध नाही.

मागच्या रविवारी मी तिथे होते. वाचताना हेडक्लार्कचा आवाज मधेच फाटला. झाकणताई धुलाईघरातून येऊन नुकती टेकली होती, पाय कोमट पाण्यात. मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं की या अर्जाने काही होणार नाही. मला वाटलं, ती म्हणेल, पुरे आता वन्सं.

ती म्हणाली, "ते 'विनंती' आहे ना, तिथे 'नम्र विनंती' घाला. बरं दिसेल."

हेडक्लार्कने 'नम्र' घातलं. "पाठवू?"

"पाठवा."

तिने बटण दाबलं. झाकणताईने तिच्यासमोर चहाचा कप सरकवला. हेडक्लार्कने कप उचलून पहिला घोट घ्यायच्या आत मोबाइल वाजला. आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला आहे, निर्णय अंतिम आहे.

"एवढ्यात वाचलासुद्धा?" भाऊजींनी विचारलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण आमच्या माना खाली गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

 हेडक्लार्क चष्मा काढून पुसत बसली. झाकणताईने पाय पाण्याबाहेर काढले, टॉवेलने कोरडे केले, आणि म्हणाली, "वन्सं, चहा निवतोय. प्या आधी."